शामरावच्या म्हशीचा खरवस

"अंडं म्हणून काय माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई," मामी म्हणाल्या.

"मामी, हे अंडं न्हाई. हा डबा हाय."

मागच्या दारात, मोरीच्या कट्ट्यापाशी आम्ही उभे होतो. मे महिना, सकाळचे नऊ, आणि उन्हानं आत्तापासूनच डोकं तापवायला घेतलेलं. माझ्या हातात अर्ध्या लिटरचा पुठ्ठ्याचा डबा होता, फळांचा रस मिळतो तसला. मामींनी तो दोन बोटांत धरून उचलला, उलटा केला, सुलटा केला, कानाजवळ नेऊन हलवून बघितला.

"टरफल?"

"न्हाई."

"पिवळं?"

"ते बी न्हाई. नुसतं पांढरं. कारखान्यात फोडून, गाळून, गरम करून भरत्यात. कुणाचा हात लागत न्हाई."

"म्हंजे ह्यातनं पिल्लू निघायचं न्हाई?"

"मामी, ह्यातनं पिल्लू निघालं तर मी गाडी विकून हिमालयात जातो."

मामी हसल्या नाहीत. माझ्या खांद्यावरून मागं बघितलं, शेजारच्या भिंतीवरून कुणी डोकावत नाही ना याची खात्री केली आणि बाजूला सरकल्या. "ये आत. पण पडवीतच थांबायचं. सैपाकघरात न्हाई. आणि नाव घ्यायचं न्हाई. डबा म्हणायचं."

सासरच्या घरात मी आयुष्यात पहिल्यांदा पाय टाकला तो असा. मागच्या दारानं, डोक्याला रुमाल गुंडाळून, हातात अंड्याचं पांढरं घेऊन. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

मी हणमंत. सांगलीत विश्रामबागच्या चौकाजवळ संध्याकाळी माझी भुर्जीची गाडी लागते. आता दोन गाड्या आहेत, तेव्हा एकच होती. स्वतःची टिमकी वाजवत नाही, पण एका हातानं दोन अंडी फोडतो आणि टरफलाचा कण आजवर कुणाच्या ताटात गेलेला नाही. उज्ज्वला, म्हणजे माझी बायको, पलूसची. जातीचा काही प्रश्न नव्हता, खोदून काढलं तर आमचं लांबचं नातंही निघालं असतं. प्रश्न गाडीचा होता. सासरे माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकोणतीस वर्षं. घरात अंडं सोडा, अंड्याचा रंग म्हणून पिवळी साडीसुद्धा येत नसेल, असं मी उजूला चिडवायचो.

"ज्या हातानं अंडी फोडतो, त्या हातात माझ्या पोरीचा हात देणार न्हाई," असं ते म्हणाले आणि आम्ही सांगलीच्या कचेरीत जाऊन सह्या केल्या. त्यानंतर दार बंद. उजू दर दिवाळीला फराळ पाठवायची, तो तसाच्या तसा परत यायचा. करंजीचं टोकसुद्धा मोडलेलं नसायचं. आमच्याकडं सासऱ्याला मामा, सासूला मामी म्हणतात आणि सासरा जावयाला पाव्हणं म्हणतो. पण मामांच्या तोंडी माझं नाव एकच, "तो गाडीवाला."

तर हे मामा गोठ्यात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसवली, घरी सोडलं. पण जखम काही भरेना. रोज ड्रेसिंग, रोज जखमेतनं पाणी. आधीच काटक माणूस, त्यात अन्नावरची वासना उडालेली. डॉक्टर म्हणाले, "यांच्या रक्तातलं प्रोटीन इतकं खाली गेलंय की जखम भरायला अंगात मालच नाही. तीन आठवडे बघू. रिपोर्ट सुधारला तर ठीक. नाहीतर पट्टी काढावी लागेल, मग ह्या पायावर उभं राहायचं विसरा. रोज आठ अंड्यांचं पांढरं द्या."

मामा म्हणाले, "पाय गेला तर जाऊ दे. माळ जाणार न्हाई."

मग पनीर आणलं, दोन घास खाऊन ताट सरकवलं. डाळीनं पोट फुगलं. औषधाच्या दुकानातली पावडर दुधात कालवून दिली, ती ओकून काढली. आणि हा माणूस कसा, तर निवृत्त होऊनही रोज पहाटे दूध संघापर्यंत दोन मैल चालत जाणारा. कुणी बोलावलेलं नसताना. चालणं बंद म्हणजे ह्यांचं काय उरणार, हे मामींना माहीत होतं. उजूलाही माहीत होतं. दवाखान्यात ती भेटायला गेली तर त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. ती घरी येऊन चुलीपुढं बसली आणि घळाघळा रडली.

"एकच म्हणले, आई सांगत होती," ती म्हणाली. "खरवस असता तर खाल्ला असता म्हणले."

मी कांदा चिरत होतो. माझा हात थांबला.

आमच्या गाडीवर व्यायामशाळेची पोरं यायची. दंड दाखवायला बनियन घालून हिंडणारी. त्यांतल्या एकानं मागं हा पुठ्ठ्याचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला होता. म्हणे, "काका, ह्याचं आम्लेट घाला." मी म्हटलं, अरे, इथं शंभर अंडी रचून ठेवलीत आणि तू मला डब्यातलं पाणी दाखवतोस? मला अपमानच वाटला. तरी करून दिलं. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली होती. मंद आचेवर ते असं काही जमतं, पांढरंशुभ्र, थुलथुलीत, की बघणाऱ्यानं खरवसच म्हणावं.

"उजू," मी म्हटलं, "गूळ किती हाय घरात?"

पहिला प्रयत्न रबर झाला. भिंतीवर मारला असता तर परत आला असता. दुसऱ्याला पाणी सुटलं. तिसऱ्या वेळी मी दूध वाढवलं, फडक्यानं तीनदा गाळलं, भांडं झाकून वाफेवर ठेवलं आणि शेजारी बसून राहिलो, आंबोळीच्या तव्याशी बसतात तसा. वेलदोडा, जायफळ, चार काड्या केशर. उलटं केलं तर खरवस थरथरत ताटात उतरला. उजूनं जन्मात अंडं तोंडात घातलं नव्हतं. तिनं डोळे मिटले, चमचा तोंडात घातला, आणि डोळे न उघडताच म्हणाली, "शामराव काकांच्या म्हशीचा." गावातल्या ह्या काकांच्या गोठ्यातलाच खरवस तिनं लहानपणी खाल्लेला.

असा मी उजूला घेऊन मामींच्या पडवीत पोहोचलो. बर्फाच्या पेटीत डबा, पिशवीत माझीच वाफेची भांडी. मामींनी त्यांतलं एकही भांडं त्यांच्या भांड्यांना शिवू दिलं नाही. स्टोव्हसुद्धा जुना, माळ्यावरचा काढून दिला. अर्ध्या तासानं वड्या पाडल्या. मामींनी त्या एका वाटीत घेतल्या, पदर सारखा केला, आणि दाराशी जाऊन परत आल्या.

"इचारलं तर काय सांगू?"

"सांगा की, शामरावची म्हैस व्यायली."

"लबाडी हाय ही, हणमंता."

"व्हय मामी. मला पाप लागू दे, तुमच्याकडनं मी उचललं म्हणा."

"तुझ्या एकट्यानं कसं उचलंल," असं पुटपुटत त्या पुढच्या सोप्यात गेल्या. उजू मधल्या दाराच्या आड उभी राहिली आणि मी तिच्या मागं.

सोप्यात कॉटवर मामा पडले होते. पायाखाली दोन उश्या, अंगात बंडी, गळ्यात माळ, गाल बसलेले. मामींनी वाटी पुढं केली. "शामरावच्या म्हशीनं चीक दिलाय. दोन वड्या खावा."

मामांनी वाटी हातात घेतली, खिडकीच्या उजेडाकडं धरली आणि वरचा थर बघू लागले.

"उजू," मी तिच्या कानात म्हटलं, "तुझा बाप दूध संघात काय काम करत होता गं?"

"दूध तपासायला."

"किती वर्षं?"

"एकतीस."

घ्या! एकतीस वर्षं दूध तपासलेला माणूस. उजूनं मागं कधी सांगितलं होतं की मामा किटलीत बोट बुडवून जिभेवर लावायचे आणि सांगायचे, पाणी अमक्या विहिरीचं हाय. गवळी त्यांना बघून सायकली वळवायचे. आणि आम्ही दोघं शहाणे त्यांना नकली खरवस खाऊ घालायला निघालो होतो. सगळी तयारी केली, वाफ सांभाळली, जायफळ किसलं, आणि नेमकं हेच डोक्यात आलं नाही. माझा पाय मागच्या दाराकडं वळला. उजूनं माझा शर्ट धरला.

मामांनी चमच्यानं तुकडा मोडला, तोंडात ठेवला. हनुवटी हलायची थांबली. चमचा वाटीत टेकला. त्यांनी मान वर करून समोर बघितलं, मधल्या दाराकडं. मी भिंतीला चिकटलो. उजू मात्र तशीच उभी राहिली, पदर दातांत धरून. दोघांची नजरानजर झाली असावी. मामांनी मान खाजवली.

"ही माळ काढून खुंटीला लाव गं," ते मामींना म्हणाले. "मानेवर घामोळ्या उठल्यात. बोचतीय."

मामींनी माळ काढली, कपाळाला लावली आणि देवाच्या फोटोखाली खुंटीला अडकवली. मामांनी चमचा उचलला आणि सगळी वाटी संपवली.

"जायफळ जरा जास्त झालंय," एवढंच म्हणाले. "उद्या मिळंल काय?"

पडवीत येऊन मी मोरीच्या कट्ट्यावर बसलो आणि तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

मग रोजचंच झालं. सकाळी सांगलीहून फटफटीवर निघायचं, मागं उजू, मध्ये बर्फाची पेटी. संध्याकाळी परत गाडीवर. मामा सकाळी एक वाटी खायचे, दुपारी एक. प्रत्येक वेळी घामोळ्या. मामी मानेला पावडर लावायच्या, खाणं झाल्यावर काही वेळानं मामा तोंड धुवायला पाणी मागायचे. माळ मात्र खुंटीलाच राहायची.

चौथ्या दिवशी मामांनी तोंड उघडलं. "शामरावची म्हैस अजून चीक देती?"

मामी गडबडल्या. चीक काय चार दिवसांच्या वर टिकतोय? "न्हाई, ही दुसरी. वरच्या आळीच्या यशवंताची."

"रेडी झाली का रेडा?"

"रेडी."

"बरं झालं."

सातव्या दिवशी मळ्यातल्या कुणाची, दहाव्या दिवशी आमणापूरच्या कुणाची. दर वेळी मामा शांतपणे विचारायचे, "रेडी का रेडा?" आणि मामी दर वेळी रेडीच सांगायच्या. त्या पंधरवड्यात पलूस तालुक्यातल्या एकूणएक म्हशी व्यायल्या आणि एकीलाही रेडा झाला नाही. पडवीत मी हसू दाबून दाबून पोटात कळ आणायचो. मामी आत येऊन मलाच दम द्यायच्या, "दात काय काढतोस? उद्याची म्हैस तूच शोध."

अकराव्या दिवशी मात्र हसू पळालं. सांगलीतल्या त्या दुकानात डबा नव्हता. "माल सोमवारी येणार," दुकानदार म्हणाला. सोमवारला चार दिवस होते. मी सगळं शहर पालथं घातलं. हवं तितकं टरफलातलं मिळत होतं, पुठ्ठ्यातलं एक थेंबही नाही. रिपोर्टला दहा दिवस राहिलेले. आणि मामींची अट पक्की, अंडं म्हणून उंबऱ्याच्या आत नाही.

मग मी काय केलं असेल? घरी बसून सोळा अंडी फोडली. प्रत्येकाचं पांढरं वेगळं काढलं, पिवळ्याचा एक डाग पडू दिला नाही, चांगलं उकळलेलं फडकं घेऊन गाळलं आणि कालच्या धुतलेल्या रिकाम्या डब्यात भरलं. झाकण घट्ट लावलं. सोमवारपर्यंत हेच चाललं, आणि हा गुन्हा मी उजूलाही सांगितला नाही. मामींनी डबा नेहमीसारखा दोन बोटांत धरला, हलवला आणि आत घेतला. माझी नजर जमिनीवर.

त्या दिवशी मामांनी वाटी संपवली, चमचा चाटला, आणि म्हणाले, "आजचा बरा हाय. काल-परवापेक्षा बरा. ताजा."

"आमणापूरच्याच म्हशीचा हाय," मामी म्हणाल्या.

"असंल. पण आज करणाऱ्यानं जीव लावून केलाय."

मी पडवीत चोरासारखा उभा होतो आणि खरं सांगतो, छाती फुगली होती. पंधरा वर्षं अंडी फोडली, पण असं कुणी म्हणालं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी मिरजेला नेलं. मी रिक्षा केली होती, पण मामांसमोर जायचं नाही म्हणून फटफटीवर मागून गेलो. डॉक्टरांनी ड्रेसिंग सोडलं, रिपोर्ट बघितला, चष्मा काढला. उजू बाहेर येऊन मला सांगताना अडखळत होती. जखम भरत आली होती. आकडा वर चढला होता. पट्टी काढायची गरज नव्हती. उद्यापासून वॉकर घेऊन चार-चार पावलं. तिथंच, चप्पल काढायच्या जागेपाशी, आम्ही दोघं येड्यासारखे हसत आणि रडत होतो. एक बाई विचारून गेली, काय झालं, मुलगा का मुलगी?

दुसऱ्या दिवशी मी भांडी परत न्यायला म्हणून पलूसला गेलो. पडवीत पाय ठेवतोय तोच सोप्यातून आवाज आला.

"त्या गाडीवाल्याला म्हणावं, चुलीमागं किती दिवस दडणाराय? आत ये."

मामींच्या हातातलं पाखडायचं सूप खाली पडलं. त्या माझ्याकडं बघायला लागल्या, मी त्यांच्याकडं. उजू नेमकी दळणाला गेली होती. मी डोक्याचा रुमाल काढला आणि सहा वर्षं ज्या सोप्याचं नुसतं वर्णन ऐकलं होतं, त्यात जाऊन उभा राहिलो. मामा कॉटच्या कडेला बसले होते. पाय जमिनीला टेकलेले. शेजारी वॉकर. खुंटीला माळ.

वाटेत ठरवलं होतं की काही झालं तरी कबूल करायचं. बरा झालेल्या माणसाला फसवत राहणं मला जमणार नव्हतं. आणि त्याचा परिणामही दिसत होता. उजूला जेमतेम मिळालेलं हे दार माझ्या तोंडानंच बंद होणार होतं.

"मामा," मी म्हटलं, "तो खरवस न्हवता."

"हळू बोल. तुझी मामी ऐकंल."

"मामा, ते म्हंजे... ते..."

"अंड्याचं पांढरं," मामा म्हणाले. "आणि गाईचं दूध. म्हशीचं बी न्हाई. निदान म्हशीचं तरी घालायचंस."

मी खालीच बसलो. फरशीवर.

"एकतीस वर्षं दूध तपासलं मी. चिकाला एक चिकटपणा असतो, जिभेवर राहतो. ह्याला कुठला? पहिल्या घासाला कळलं."

"मग खाल्लं कसं?"

मामांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली.

"चमचा ठेवणारच हुतो," ते म्हणाले. "वाटी फेकणार हुतो, खरं सांगायचं तर. मान वर केली, तर दारात पोरगी. सहा वर्षांनी माझ्या घरात उभी. पदर दातांत धरलेला. लहानपणी ताप आला की मी काढा घेतोय का न्हाई बघायला अशीच उभी राहायची. आता मी वाटी ठिवली असती, तर ती आल्या पावली परत गेली असती. पुन्यांदा आली नसती. माझ्यावर गेलीय ती." त्यांनी खुंटीकडं बघितलं. "म्हणून माळ काढली आणि खाल्लं. माळ घालून खायचं न्हाई. माणसांनी मला फसवलं तर चालंल, मी देवाला फसवणार न्हाई."

मी उगीचच म्हटलं, "म्हंजे पायासाठी न्हाई खाल्लं?"

"पायासाठी बी खाल्लं की! मी काय खुळा हाय?" मामा खेकसले. "आणि पडवीतलं सगळं इथं ऐकू येतंय. अकराव्या दिवशी डबा मिळाला न्हवता वाटतं. ते तुझ्या हातचं हुतं. ताजं."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

"आता माळ?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणलाय अजून पंधरा दिस खावा. खातो. मग महाराजांकडं जाईन, काय खाल्लं ते सांगीन, आणि परत घालून घीन. पण तुझ्या मामीला सांगू नको मला ठावं हाय म्हणून. बिचारी रोज नवीन म्हैस शोधून थकलीय. तिला वाटतंय तिनं मला वाचवलं. वाटू दे."

"आणि गाडी?" आता विचारूनच टाकलं.

"गाडी तुझी. मी तिथं खायला येणार न्हाई, तू इथं मागच्या दारानं यायचं न्हाई."

मी भांडी तिथंच ठेवून निघालो तेव्हा मामी मोरीपाशी माझी वाट बघत होत्या. डोळे लाल. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला.

"मला काय सांगू नको," त्या म्हणाल्या. "तीन आठवडं मानेला पावडर लावतीय मी. एक घामोळी न्हवती त्या मानेवर. एकसुद्धा."

त्या वर्षी अधिक महिना आला. तीन वर्षांनी येतो, आणि तेव्हा जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलवतात, हे मी फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो होतो. आमचे मित्र महिनाभर मिजाशीत असायचे, सासऱ्यानं काय दिलं ते सांगत. मी अंडी फोडत ऐकायचो. त्या वर्षी पलूसहून फोन आला. मामांचाच. "रविवारी धोंड्याला या. दोघं बी. म्होरल्या दारानं."

म्होरल्या दारात मामींनी पायावर पाणी घातलं, ओवाळलं. पाट मांडला होता, भोवती रांगोळी. ताटात पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, शेजारी अनारसे रचलेले. मी अवघडून बसलो, नवा सदरा टोचत होता, आणि उजू माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावून हसत होती. मामा कुठं दिसेनात.

"मामा?"

"येत्यात," मामी म्हणाल्या. "बसा तुम्ही."

थोड्या वेळानं अंगणात काठीचा आवाज आला. टक्, टक्. मामा आले, घामानं भिजलेले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाकलेली वाटी. गळ्यात माळ. वॉकर नाही, कुणाचा आधार नाही. उंबरा त्यांनी आधी काठीनं चाचपला, मग तो पाय वर उचलला, आणि आत ठेवला. आम्ही सगळे त्या पायाकडं बघत होतो. ते माझ्या ताटापाशी आले, कष्टानं वाकले, आणि वाटी माझ्यापुढं ठेवली.

पिवळसर पांढरा, वर केशराची काडी, चकाकणारा थर. थरथरत होता.

"खावा, पाव्हणं," मामा म्हणाले. "तपासून खावा. ह्याला खरवस म्हणत्यात. शामरावच्या म्हशीचा. त्याच्या बायकोनं तिथंच वाफवला, मी जाऊन घिऊन आलो."

शामरावचा गोठा गावाच्या त्या टोकाला. चढावर. मी चमचा उचलला, तो तसाच हातात धरला. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोललो.

"रेडी का रेडा, मामा?"

मामी गालातल्या गालात हसू लागल्या. मामांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या शेजारी, दुसऱ्या पाटावर, हळूहळू खाली बसले.

"रेडा," ते म्हणाले. "डोळ्यांनी बघून आलोय. चालत जाऊन."